फाईल रेकॉर्ड रूमला गेली होती

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी वैद्यकीय अधीक्षक आहे. आमच्याकडे १४ खाटांचा मानसोपचार विभाग आहे. जुलैच्या शेवटी गगनबावड्याच्या बाजूचा एक पेशंट दहा दिवस ॲडमिट राहून, बरं वाटल्यावर घरी गेला. पाचव्या दिवशी त्याने आत्महत्या केली. डिस्चार्ज देणाऱ्या आमच्या तरुण मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी फॉर्मवर ‘धोका कमी’ अशी खूण केली होती. तिसऱ्या दिवशी पेशंटला फोन करायचा, असा आमचा नियम आहे. तो फोन झालाच नाही. त्या आठवड्यात पुरामुळे स्टाफ कमी होता. (डिस्चार्जनंतर फाईल रेकॉर्ड रूमला गेली होती, असं सिस्टर म्हणतात. ही सबबच म्हणायची.) ट्रस्टींच्या सांगण्यावरून सिस्टरना कारणे दाखवा नोटीस दिली. मॅडमना महिनाभर रजेवर पाठवावं, म्हणजे त्यांना विश्रांती मिळेल आणि चौकशीही मोकळेपणी होईल, असं मनात आहे. नातेवाइकांशी काही बोलू नका, असं वकिलांनी बजावलं आहे. आज बारा दिवस झाले. मॅडमना झोप नाही, असं कानावर येतं. सिस्टर कुणाशी बोलत नाहीत. शिस्तही राहावी आणि माणसंही मोडू नयेत, हे कसं जमवायचं?

डॉक्टर, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

डिस्चार्ज झाला की फाईल बिलिंगला जाते आणि तिथून रेकॉर्ड रूमला. पेशंटचा नंबर त्या फाईलमध्ये, फोनची तारीखही बहुधा त्यातच. मग तिसऱ्या दिवशी ज्या सिस्टर ड्युटीवर असतील, त्यांच्यासमोर पेशंट नाही, फाईल नाही आणि नंबरही नाही. फोनची आठवण करून देईल अशी एकही वस्तू वॉर्डात उरत नाही. आजवर जे फोन झाले ते कुणी ना कुणी लक्षात ठेवल्यामुळे झाले. नेहमीचा स्टाफ असताना ते खपून गेलं. पाणी चढलं, माणसं पोहोचली नाहीत, आहेत त्यांच्यावर दुप्पट काम पडलं, आणि लक्षात ठेवण्यावर चाललेली व्यवस्था पहिल्याच फटक्यात बंद पडली.

हे खरं आहे की नाही, ते तुम्हाला एका दिवसात कळेल. मेट्रनना सांगा, त्या वॉर्डातल्या पाच सिस्टरना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारायचा: ‘आज डिस्चार्ज झालेल्या पेशंटला परवा फोन करायचाय, हे तुम्हाला कशावरून कळेल?’ प्रकरणाचा उल्लेख करायचा नाही. पाचांपैकी चौघींनी ‘लक्षात ठेवते’ किंवा ‘आदल्या शिफ्टची सिस्टर सांगते’ असं म्हटलं, तर नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. त्याच जागी, त्याच दिवशी, तेवढंच शिकलेलं दुसरं माणूस असतं तर वेगळं घडलं असतं का? सुरक्षिततेच्या अभ्यासात जेम्स रीझन यांनी ही कसोटी रूढ केली. तुमच्या पाच सिस्टर त्याचं उत्तर देतील.

नोटिशीने शिस्त लागते, असं तुमच्या ट्रस्टींना वाटतं. लागते ती अशी: पुढच्या महिन्यापासून फोनच्या रकान्यात सगळीकडे ‘केला’ लिहिलेलं दिसेल. लागला नाही, उचलला नाही, करायचाच राहिला, हे कुणीही लिहिणार नाही. रजिस्टर छान भरेल आणि त्यातून तुम्हाला काहीही कळणार नाही. आज निदान फोन राहिला हे तुम्हाला माहीत आहे. सिस्टरनी ते लपवलं नाही. फाईल कुठे होती तेही सांगितलं. खरं सांगितल्याची शिक्षा झाली, एवढंच बाकीच्या स्टाफने यातून घेतलं असणार.

म्हणून नोटीस मागे घ्या, आणि ती लेखी घ्या. ‘प्रकरण मिटलं, आता विसरा’ असं तोंडी सांगून भागत नाही, कारण नोटिशीची प्रत त्यांच्या पर्सनल फाईलमध्ये राहते आणि पुढच्या बढतीला कुणीतरी ती उघडतं. मागे घेतल्याचं पत्रही त्याच फाईलला लावा. मग स्वतः वॉर्डात जा. केबिनमध्ये बोलावलंत तर त्या आधीच घाबरून येतील. ‘सिस्टर, नोटीस द्यायची घाई माझ्याकडून झाली. फाईलचं तुम्ही सांगितलंत ते मी ऐकून घ्यायला हवं होतं. आता ते नीट समजून घ्यायचंय,’ एवढं पुरे. नोटीस वॉर्डाला कळली होती, तशी ती मागे घेतल्याचंही वॉर्डाला कळू द्या.

यात जबाबदारी सुटते का? नाही. खोटी नोंद केली, दारू पिऊन ड्युटीवर आलं, जाणूनबुजून पेशंट सोडून गेलं, तर ती वैयक्तिक कारवाईची बाब आहे आणि ती झालीच पाहिजे. तुमच्या पत्रात तसलं काहीही नाही. लिव्हरपूलची मर्सी केअर ही आरोग्यसंस्था किंवा ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टची सरकारी मानसोपचार सेवा, अशा ठिकाणी ‘नियम कुणी मोडला, शिक्षा काय’ याऐवजी वेगळे तीन प्रश्न विचारायची पद्धत बसवली गेली: कुणाकुणाला इजा झाली? त्यांना आता काय हवंय? ते पुरवणं कुणाचं काम? यातला तिसरा प्रश्न सौम्य वाटत असला तरी सर्वांत कडक तोच आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा अधीक्षकाच्या खुर्चीपाशी येऊन थांबतं.

आता मॅडमबद्दल.

‘धोका कमी’ ही खूण तुम्हाला चूक वाटते, कारण शेवट तुम्हाला माहीत आहे. हिशोब करून बघा. समजा, १००० डिस्चार्जपैकी १०० पेशंट ‘जास्त धोका’ आणि ९०० ‘कमी धोका’ असे लावले. जास्त धोक्याच्या गटात शंभरात एक मृत्यू धरला, कमी धोक्याच्या गटात तीनशेत एक. म्हणजे पहिल्या गटात एक मृत्यू आणि दुसऱ्यात तीन. वर्गवारी बरोबर असूनही चारातले तिघे ‘कमी धोका’वाले निघाले. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण प्रत्यक्षातही असंच होतं, आणि ते कुठल्या डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे होत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं: पुढे कोण आत्महत्या करेल हे ठरवायला, किंवा कुणाला उपचार द्यायचे ते ठरवायला, धोक्याच्या मोजपट्ट्या आणि कमी-मध्यम-जास्त असे शिक्के वापरू नका. तुमचा फॉर्म डॉक्टरला भविष्य वर्तवायला लावतो आणि ते चुकलं की सहीकडे बोट दाखवतो. फॉर्म बदला.

मॅडम एकट्या नाहीत, हेही त्यांच्यापर्यंत पोहोचू दे. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे निम्म्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपला पेशंट आत्महत्येने गमावल्याचं सांगितलं होतं. हृदयविकाराच्या डॉक्टरला पेशंट दगावणं नवीन नसतं, आणि त्याबद्दल बोलायची त्यांच्यात रीत असते. आपल्याकडे मानसोपचारात ती रीत फार कमी ठिकाणी आहे. जो तो आपलं दुःख आपल्या ओपीडीत घेऊन बसतो.

महिनाभराची रजा देऊ नका. तुम्ही मायेने देताय, पण शहरात ती निलंबन म्हणूनच वाचली जाईल. कोल्हापूर केवढं आहे! राजारामपुरीतली बातमी संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर पोहोचते. शिवाय घरी बसल्यावर त्या दिवसभर तोच प्रसंग उलगडत बसतील, आणि जी माणसं हे समजू शकतात ती सगळी रुग्णालयात. सुट्टी हवी का, किती दिवस हवी, हे त्यांना विचारा. दोन-चार दिवस मागितले तर चौकशीशी न जोडता द्या. कामावर राहणार असतील तर काम हलकं करा: पुढचे चार आठवडे रात्रीचा ऑन-कॉल नको, ओपीडीत नवे पेशंट निम्मे, आणि प्रत्येक डिस्चार्जवर एका ज्येष्ठांची दुसरी सही. सही सगळ्या डॉक्टरांच्या डिस्चार्जवर ठेवा, नाहीतर ती पाळत वाटेल.

दुसऱ्या सहीचं कारण सांगतो. अशा घटनेनंतर डॉक्टर दोन टोकांना जातो. एकतर प्रत्येकाला ॲडमिट करून घेतो आणि घरी सोडायला धजत नाही, नाहीतर आत्महत्येचा प्रश्न विचारणंच टाळतो, कारण उत्तर ऐकायची ताकद उरलेली नसते. दोन्हींत पुढच्या पेशंटचं नुकसान आहे. शेजारी ज्येष्ठ बसलेले असले की हात हळूहळू स्थिर होतो.

त्यांच्यासोबत एक माणूस नेमून द्या. तो चौकशी करणारा नको, त्यांचा वरिष्ठ नको, आणि शक्यतो कोल्हापुरातला नको. इथले मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांना ओळखतात, मोकळं बोलणं होत नाही. सांगली, सोलापूर, पुणे, कुठलेही अनुभवी तज्ज्ञ चालतील. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, फोनवर, सहा आठवडे. या बोलण्याची रुग्णालयात नोंद ठेवायची नाही. सिस्टरनाही असंच माणूस द्या. बहुतेक ठिकाणी डॉक्टरला मिळतं आणि सिस्टर राहून जातात.

झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय. पहिले काही दिवस झोप उडणं, दृश्य डोळ्यांसमोर येणं, फोन वाजला की दचकणं, हे होतंच. आता दोन आठवडे होत आले. तेच वाढत असेल, ‘मीच मारलं त्याला’ हे वाक्य थांबत नसेल, दारू सुरू झाली असेल किंवा स्वतःच गोळ्या घेणं चालू असेल, तर उपचार लागतील. डॉक्टरच्या हाताशी औषधं असतात आणि मदत मागण्याची लाजही जास्त असते. म्हणून आडवळण न घेता विचारा: ‘जगणं नको वाटतं का? आत्महत्येचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. ‘हो’ म्हणाल्या तर त्याच दिवशी तज्ज्ञाची भेट ठरवा आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि ती डॉक्टर-सिस्टरांसाठीही आहे. नंबर ड्युटी रूममध्ये लावा.

सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘झालं ते पुन्हा सांगा’ अशी सक्तीची बैठक कुणी सुचवेल. ती घेऊ नका. एका बैठकीत प्रसंग उकरायला लावल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही आणि काहींचा वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. त्याऐवजी अर्ध्या तासाची ऐच्छिक भेट ठेवा. काय घडलं ते तुम्ही थोडक्यात सांगा, पुढे काय होणार ते सांगा, मदत कुठे मिळेल ते सांगा. ज्याला बोलायचंय तो बोलेल. बोलावण्याची यादी करताना पेशंटला रोज चहा देणारे कॅन्टीनचे मामा, वॉर्डातल्या मावशी, गेटवरचे वॉचमन आणि रिसेप्शनवर घरच्यांचा फोन घेतलेली मुलगी धरा. दहा दिवसांत त्या माणसाशी सर्वांत जास्त यांचंच बोलणं झालेलं असतं. त्यांच्यापर्यंत बातमी बहुधा व्हॉट्सॲपनेच पोहोचते. वॉर्डातल्या इतर पेशंटनाही कळलं असणार. त्यांच्याशी एकेकट्याने बोला, तपशील न सांगता.

नातेवाइकांबाबत वकिलांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. मोघम किंवा परस्परविरोधी बोलू नये, हे खरं. पण अगदी गप्प राहिलात तर घरच्यांना एकच अर्थ लागतो: काहीतरी लपवतायत. तुम्ही स्वतः आणि पेशंटला ओळखणारं एक माणूस, असे दोघे जा. काय बोलायचं ते आधी वकिलांना आणि विमा कंपनीला दाखवा. दुःख व्यक्त करणं वेगळं आणि निष्काळजीपणा कबूल करणं वेगळं, हे वकिलांनाही मान्य असतं. सांत्वनाला जाण्याआधी घरच्यांना विचारा. कुणाला रक्षाविसर्जनाला डॉक्टर आलेले आवडतात, कुणाला ते सहन होत नाही. तो दिवस तर गेला. आता दिवसकार्य झाल्यावर फोन करा: ‘तुमची हरकत नसेल तर भेटायला यायचं आहे. तुमचे प्रश्न ऐकायचे आहेत.’ फोन न झाल्याची गोष्ट त्यांनी विचारली तर खोटं बोलू नका. ‘फोन व्हायला हवा होता, झाला नाही. का झाला नाही ते शोधतोय आणि तुम्हाला सांगणार आहे.’ मग खरंच सांगा, तारीख देऊन. पेशंट विश्वासाने डॉक्टरांशी जे बोलला ते मात्र उघड करायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मधलं गोपनीयतेचं बंधन लक्षात ठेवा. आणि त्या घरात कुणाची मनःस्थिती बिघडली असेल तर तुमच्या किंवा त्यांना सोयीच्या दुसऱ्या रुग्णालयात दाखवायची वाट मोकळी करून द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. फाईलमध्ये आता एक अक्षरही बदलू नका. काही लिहायचं राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ घालून, उशिरा केलेली नोंद म्हणून लिहा. खाडाखोड केलेली फाईल कोर्टात मूळ घटनेपेक्षा जास्त महागात पडते. व्हॉट्सॲप मेसेजही पुसायचे नाहीत. अधिकृत नातेवाइकांनी कागद मागितले तर २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. अनैसर्गिक मृत्यूचा तपास पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली करतात. जबाबाला मॅडम किंवा सिस्टर एकट्या जाऊ नयेत, तुम्ही सोबत जा. फौजदारी निष्काळजीपणा ठरायला तो ढोबळ आणि गंभीर असावा लागतो, आणि आरोपाला स्वतंत्र डॉक्टरांच्या मताचा आधार लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे. मॅडमना हे कुणीतरी बसून समजावून सांगा. रात्री तीन वाजता त्यांच्या डोक्यात अटकेचंच चित्र असतं.

चौकशी जरूर करा. बाहेरचा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अनुभवी मेट्रन, एवढी समिती पुरे. सहा आठवड्यांत मसुदा. घटनाक्रम लिहिताना एक नियम पाळा: प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाला त्या क्षणी जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचं, नंतर कळलेलं वेगळ्या रकान्यात. शेवट कळल्यावर आधीच्या सगळ्या खुणा ठळक दिसायला लागतात, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ सालीच प्रयोगांतून दाखवलं होतं. मसुदा मॅडम आणि सिस्टरना आधी दाखवा, मग ट्रस्टींना. शिफारशींत ‘सर्वांनी अधिक दक्षता घ्यावी’ असं परिपत्रक आलं तर अहवाल परत पाठवा. दक्षता त्या आठवड्यातही होती. फोनचा कागद वॉर्डात नव्हता.

तो कागद असा ठेवा. नर्सिंग स्टेशनला दोरीने बांधलेलं एक रजिस्टर. डिस्चार्ज कार्डावर सही होण्याआधी त्यात पेशंटचं नाव, त्याचा आणि घरच्या एका माणसाचा नंबर, आणि फोनची तारीख भरली पाहिजे. ती ओळ भरल्याशिवाय बिलिंगने फाईल घ्यायची नाही. पहिला फोन ७२ तासांच्या आत, सातव्या दिवशी भेट किंवा फोन. डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस आणि पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात. फोन उचलला नाही तर त्या दिवशी तीनदा, मग घरच्या माणसाला, तरीही नाही तर डॉक्टरांना कळवायचं. ‘लागला नाही’ लिहिणाऱ्या सिस्टरला कुणी रागवायचं नाही, पुढची पायरी गाठली की नाही एवढंच बघायचं. रोजच्या राउंडला मेट्रननी ते पान उघडायचं.

‘धोका कमी’च्या चौकटीच्या जागी पेशंटसोबत बसून लिहिलेली सुरक्षा योजना घ्या. अर्धा-पाऊण तास लागतो. त्रास वाढतोय याच्या माझ्या खुणा कोणत्या, एकट्याने काय केल्यावर मन वळतं, कुणाकडे किंवा कुठे गेल्यावर बरं वाटतं, मदत कुणाकडे मागू, कुठल्या डॉक्टरांना वा हेल्पलाइनला फोन करू, आणि घरात काय काय हाताशी नको. हे सहा टप्पे, पेशंटच्या शब्दांत, एका पानावर. ‘मन वळवण्यासाठी विरंगुळा शोधावा’ असं डॉक्टरी मराठीत लिहू नका. ‘म्हशीला घेऊन ओढ्यावर जातो’ असं तो म्हणाला तर तेच लिहा. सहावा टप्पा घरच्या माणसासमोर करा. आपल्याकडे शेतीची औषधं घरातच असतात. ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी, आणि आपल्या गोळ्या एका वेळी सात दिवसांच्याच. २०१७ च्या कायद्याचं कलम ९८ डिस्चार्जचं नियोजन पेशंट आणि घरच्यांशी बोलून करायलाच सांगतं.

पावसाळ्यासाठी एक जादा ओळ रजिस्टरच्या पहिल्या पानावर हवी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं, की नदीपल्याडच्या आणि घाटाकडच्या पेशंटच्या भेटी फोनवर करायच्या आणि शहरात राहणाऱ्या दोन सिस्टरकडे ही यादी सोपवायची. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आल्यावर गगनबावड्याचा पेशंट ओपीडीला येऊ शकत नाही, आणि तो का आला नाही हे विचारायला कुणी उरत नाही. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबलात तर तुमचा स्टाफही पलीकडे अडकलेला असतो.

ट्रस्टींसमोर हे सगळं मांडताना पाच सिस्टरची उत्तरं सोबत न्या, नावं न लिहिता. ‘कुणाला धरलं?’ असं विचारतील. फाईलचा रस्ता कागदावर काढून दाखवा: वॉर्ड, बिलिंग, रेकॉर्ड रूम.

आणि एक काम उद्या सकाळीच. त्या पुराच्या आठवड्यात तुमच्या विभागातून आणखीही पेशंट घरी गेले असतील. त्यांच्याही फाईली रेकॉर्ड रूमलाच गेल्या आहेत. जुलैच्या मध्यापासूनचे सगळे डिस्चार्ज काढा आणि प्रत्येकाला फोन लावा. त्यातले पहिले दोन-तीन तुम्ही स्वतः करा, नर्सिंग स्टेशनवर बसून.